खांबाच्या पोटातलं वजन

३ जून

बारक्या,

आशीर्वाद वगैरे या खेपेला नाहीत. फोन मी मुद्दाम ठेवला. आपटला म्हण हवं तर. तू माझं एक वाक्य पुरं होऊ देत नाहीस, आणि पत्रात तुला मध्येच तोंड घालता येत नाही, म्हणून आता पत्र. उत्तरही पत्रानेच दे. फोन केलास तर उचलणार नाही, आणि बायकोला पुढे केलंस तर तिच्याशी फक्त हवापाण्याचं बोलेन.

परवा काय झालं ते पहिल्यापासून सांगते, कारण साहेब झाल्यापासून तू हात काळे केलेले नाहीस. आप्पांचं मिलिंग मशीन कसं आहे तेही विसरला असशील. उभा ओतीव खांब. खाली टेबल, टेबलावर काम पकडायचा व्हाइस. आणि खांबावर वरखाली सरकतं ते डोकं, म्हणजे मोटार, स्पिंडलचा फिरता दांडा, त्याला धातू कापणारा कटर, सगळं एकाच ओझ्यात. घरातला वजनकाटा टेबलावर ठेवून त्यावर डोकं टेकवलं, तर बेचाळीस किलो भरलं. ते वर न्यायचं तर डाव्या हाताने हँडल ओढून धरायचं आणि उजव्याने डोकं जागी जखडणारा बाजूचा क्लॅम्प आवळायचा. क्लॅम्प बसेपर्यंत सगळा भार माझ्या डाव्या खांद्यावर. आणि खांदा सहा महिने कुरकुरतोय. परवा अशी कळ आली की हँडल निसटलं आणि डोकं धाडकन व्हाइसवर आलं. कटरचे तीन दात उडाले. त्यातला एक माझ्या चष्म्याच्या काचेवर लागला. हात टेबलावर नव्हता म्हणून हे पत्र माझ्याच अक्षरात आहे.

हे सांगायला तुला फोन केला, तर तू काय म्हणालास? "भंगारात घाल ते, ताई. एकदा झालं तेवढं पुरे."

एकदा झालं तेवढं पुरे! अरे, अडतीस वर्षं झाली. आप्पाही जाऊन चार वर्षं झाली. मी क्लॅम्प सैल ठेवला, म्हणून डोकं पडलं, म्हणून आप्पांची डाव्या हाताची तीन बोटं गेली. आहे मला माहीत! घरात नळ गळला, डब्याचं झाकण निघालं, की "ताईने लावलं वाटतं!" म्हणून सगळ्यांनी खिदळायचं, हे मी अडतीस वर्षं ऐकतेय. तुझ्या लग्नात खुर्चीचा पाय निखळला, तेव्हा काका चारचौघांत तेच म्हणाले आणि तूही हसलास. विसरले नाही मी.

मशीन भंगारात जाणार नाही. एकतीस वर्षं खोक्यांना चिकटपट्ट्या लावल्यावर आत्ता कुठे मनासारखं काम हातात आलंय. आमच्या गल्लीतल्या शिलाई मशीनवाल्याला जुन्या मशीनचे भाग दुसरं कोणी करून देत नाही. सकाळी मागच्या खोलीत जाऊन दिवा लावला की मला बरं वाटतं. ते गेलं तर मी दिवसभर करू काय, भिंतींशी बोलू?

तेव्हा कामाचं बोल. डोक्याच्या बरोबरीचं वजन साखळीने दुसऱ्या बाजूला टांगायचं, मध्ये पुली, म्हणजे डोकं वर जाताना ते वजन खाली येईल आणि माझा खांदा सुटेल. किती किलो घेऊ, कुठे टांगू, तार की साखळी, एवढंच लिही. कारखान्यात हत्यारं-साचे बनवणाऱ्या टूलरूमचा मुख्य आहेस ना? मग बहिणीला एवढं तरी सांग.

ताई


११ जून

ती. ताईस नमस्कार.

फोनवर माझं बोलणं चुकलं. तुला टोचायचं माझ्या मनात नव्हतं, खरंच नव्हतं. तू पडलीस-बिडलीस तर तिथे बघायला कोण आहे, या काळजीने बोलून गेलो.

तुझी कल्पना बरोबर आहे, पण घरात करायची नाही. बेचाळीस किलोला तोलायचं तर जवळपास तेवढाच लोखंडाचा ठोकळा खोलीत लटकत राहणार. तार तुटली तर सरळ तुझ्या पायावर. त्यापेक्षा गॅसचा दांडा लाव, मोटारगाडीच्या डिकीचं झाकण उचलून धरतो तसला. पार्सलने पाठवलाय. खांबाला बाहेरून पट्टी मारून बसवायचा, कोणीही वेल्डर अर्ध्या तासात करून देईल.

खांबाच्या वरची टोपी मात्र उघडू नकोस. जुनं ओतीव लोखंड आहे, स्क्रू पिळताना तडा जाईल. खांबाच्या आत करण्यासारखं काही नाहीच. टोपीला हात लावायचा नाही, हे लक्षात ठेव.

आणि रागावू नकोस, पण मला अजूनही वाटतं की ते विकावं. मी तुला नवं छोटं मशीन घेऊन देतो. त्याचं डोकं पंधरा किलोचं असतं, तुझ्या खांद्याला झेपेल. आमच्या टूलरूममध्ये गेल्या महिन्यात नवं मशीन आलं, त्याच्याशेजारी उभा राहून काढलेला फोटो सोबत ठेवतो. तुझ्या भाचीने काढलाय.

तुझा,
बारक्या


१७ जून

बारक्या,

फोटो पाहिला. मशीनवर हात ठेवून उभा आहेस आणि डाव्या हातात अंगठी! चालत्या यंत्रापाशी अंगठी? आप्पांनी कानफटात दिली असती. "अंगठी काढ, नाहीतर बोट काढ" हे मला पाठ आहे आणि टूलरूमच्या साहेबाला नाही. पोरीने फोटो मात्र छान काढलाय.

आता तुझा गॅसचा दांडा. पाठवायच्या आधी मोजलास का रे तो? तो उघडून उघडून उघडणार वीतभर, आणि माझं डोकं सरकतं दोन विती. म्हणजे अर्ध्या वाटेपर्यंत तो उचलणार आणि पुढे मी. उंटावरून शेळ्या हाकायच्या म्हणजे हेच. दांडा वेल्डरला दिला, त्याने दुकानाच्या खिडकीला लावलाय आणि तुला दुवा देतोय.

तो वेल्डर काल येऊन खोली बघून गेला. बाहेरून वजन टांगायला जागाच नाही. मशीनच्या मागे भिंत, मध्ये हाताचा पंजाही जात नाही. डावीकडे दार. उजवीकडे मी उभी राहते, तिथे वजन आलं तर ते माझ्या कानाशी झुलणार. मग तो माणूस उठला, हातोडीच्या दांड्याने खांब वाजवला आणि म्हणाला, "बाई, हा तर पोकळ आहे. वजन ह्याच्या पोटात सोडा. ना लागायची भीती, ना जागेची अडचण." बघ, गल्लीतल्या वेल्डरला दोन मिनिटांत जे सुचलं, ते मोठ्या साहेबाला सुचलं नाही.

वेल्डर गेल्यावर आणखी एक डोक्यात आलं. आप्पा मला मशीन शिकवत होते तेव्हा मी सोळा-सतरा वर्षांची, काडीसारखी. तरी हे डोकं मी दोन बोटांनी वर न्यायची. हँडल नुसतं धरायचं की डोकं आपलं चाललं वर. चार वर्षांपूर्वी मशीन हातात आलं आणि ते एवढं जड लागलं, तेव्हा मी म्हटलं, वय झालं, तरुणपणी अंगात रग होती. आता वाटतं, सतरा वर्षांच्या मुलीच्या दोन बोटांत बेचाळीस किलोची रग असते का रे? तुला काही आठवतं का? आप्पांनी जुनं मशीन आणून दुरुस्त केलं तेव्हा दिवा धरायला तू होतास. मला पोरीची जात म्हणून त्या दिवशी खोलीत येऊ दिलं नव्हतं.

सोमवारी टोपी उघडते. तडा गेला तर जाऊ दे.

ताई


२२ जून

ताई,

हे पत्र जलद टपालाने पाठवतोय. टोपी उघडू नकोस. मी पुढच्या महिन्यात रजा काढून येतो, मी स्वतः सगळं बसवून देतो, तुला हवं तसं. तोवर मशीनला हात लावू नकोस. तुला आप्पांची शपथ आहे.

फोन उचल ना, ताई. कालपासून अकरा वेळा केला.

बारक्या


२६ जून

बारक्या,

तुझी शपथ पोचली तेव्हा टोपी उघडून तीन दिवस झाले होते. चार स्क्रू होते. तडाबिडा काही गेला नाही.

टोपी उलटी केली तर आतल्या बाजूला आप्पांच्या अक्षरात कोरलेलं: "वजन ३८ किलो. साखळी वर्षातून एकदा तपासणे." मी ते तीनदा वाचलं. मग बॅटरी आत मारली. खांबाच्या तोंडाशी सायकलचं दातेरी चाक बसवलेलं. खाली तळाला लोखंडाचा गोल ठोकळा, वरच्या अंगाला कडी. म्हणजे मी जे नव्याने करायला निघाले होते ते आप्पांनी आधीच करून ठेवलेलं होतं! फक्त चाकावर साखळी नव्हती.

ठोकळ्यावर मात्र एक गंजलेली साखळी गोळा होऊन पडली होती. मला वाटलं, हीच ती, कधीतरी तुटून पडली असेल. तारेचा आकडा करून वर काढली, रॉकेलमध्ये भिजवली, ब्रशने घासली. दुसऱ्या दिवशी कड्या बघायला बसले, तर एका कडीत पिनऐवजी खिळा.

तो खिळा मी घातलाय, बारक्या. तुझ्या सायकलची साखळी तुटली म्हणून तू रडतोंड करून आलास, आणि मी खिळा कापून, कानशीने घासून, दोन्ही टोकं ठोकून तुला पिन करून दिली. आप्पांनी ती हातात घेऊन बघितली आणि म्हणाले, "काम स्वच्छ आहे." माझ्या कामाला आप्पा आयुष्यात तेवढं एकदाच चांगलं म्हणाले, मी ते विसरेन होय? साखळी नंतर तुटली ती दुसरीकडे. माझा खिळा अजून घट्ट आहे.

म्हणून "टोपी उघडू नकोस"! म्हणून "आत काही नाही"! म्हणून भंगार! चोराच्या मनात चांदणं, आणि मी वेडी, माझा खांदा जाईल म्हणून भाऊ काळजी करतोय असं समजत होते.

तुझ्या सायकलची साखळी पुन्हा तुटली. तुला ठाऊक होतं की खांबाच्या पोटात तश्शीच धड साखळी आहे, कारण दिवा तू धरला होतास. तू ती काढलीस, तुझी तुटकी आत टाकून दिलीस आणि टोपी लावून मोकळा झालास. मी सकाळीच काम संपवून डोकं वरपर्यंत नेऊन क्लॅम्प आवळला होता, तेव्हा साखळी सैल मिळाली असेल तुला, सोपं गेलं असेल. आणि संध्याकाळी आप्पा आले. त्यांची सवय तुलाही माहीत आहे. उजव्या हाताने क्लॅम्प सोडायचा आणि त्याच वेळी डाव्या हाताने डोक्याखालचा चुरा झाडायचा. डोकं जागच्या जागी राहणार ह्याची त्यांना खात्रीच होती. त्या दिवशी ते राहिलं नाही.

म्हणजे क्लॅम्प मी सैल ठेवलाच नव्हता. मी आवळला होता. मला आठवत होतं मी आवळल्याचं! पण सगळे म्हणाले सैल होता, आप्पा म्हणाले सैल होता, आणि मी माझ्याच हाताला खोटं ठरवलं. आजही रात्री दाराची कडी लावली की दोनदा उठून बघते. अडतीस वर्षं, रोज दोनदा.

आप्पांच्या कारखान्याच्या टूलरूममध्ये कामगारांच्या मुलांसाठी एक जागा होती. माझं नाव दिलेलं होतं. "जिला क्लॅम्प आवळता येत नाही तिला टूलरूम कसली" म्हणून ते काढलं आणि तुझं घातलं. मी खोक्यांच्या कारखान्यात गेले आणि तू साहेब झालास. वर माझ्यावर हसलास.

एकच विचारते. क्लॅम्प आपण स्वतः सोडला हे आप्पांना ठाऊक असणारच. पण साखळीचं माहीत होतं का? एका शब्दात लिही.

ताई


७ जुलै

अकरा दिवस झाले. तुझी बायको शेजारणीच्या फोनवर सांगते की तुला ताप आहे. ताप मला यायला हवा. मी तर इथे धडधाकट उभी आहे, रोज आठ तास काम करतेय, लाकडाचा ठोकळा लावून, इंच इंच डोकं वर नेऊन.

एक शब्द विचारला होता. तोंड शिवलं असेल, हाताला काय झालं?

ताई


१२ जुलै

ताई,

एका शब्दात: हो.

तू लिहिलंस ते सगळं तसंच झालं. फक्त साखळी कशासाठी हवी होती तेवढं राहिलं. मित्र तलावावर पोहायला निघाले होते. रविवार, सायकलचं दुकान बंद. मला वाटलं, चार तासांत परत येऊ, आप्पा रविवारची जादा पाळी संपवून यायच्या आत साखळी होती तिथे. आप्पा त्या दिवशी लवकर आले. मी ओल्या केसांनी घरी आलो तर दारात माणसं आणि खोलीत जमिनीवर रक्त. माझ्या सायकलला ती साखळी होती आणि मी सायकल धरून उभा होतो.

तिसऱ्या दिवशी दवाखान्यात आप्पांनी सगळ्यांना बाहेर काढलं आणि मला विचारलं, "साखळी?" मी मान हलवली. त्यांनी पट्टी बांधलेला हात पोटावर घेतला. मग म्हणाले, "ती लग्न होऊन जाईल. घर तुझ्यावर आहे. तोंड उघडायचं नाही." मी सोळा वर्षांचा होतो, ताई. मला वाटलं, बापाने सांगितलंय म्हणजे हेच बरोबर असेल. खरं सांगायचं तर, हेच बरोबर असावं असं मला हवं होतं.

आता माझंही ऐक. तू म्हणतेस मी हसलो. हसलो, कारण हसलो नसतो तर सगळ्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं असतं. तुला वाटतं मी मजेत होतो? आप्पांचा मला आजही इतका राग येतो की त्यांचा फोटो मी घरात लावलेला नाही. त्यांनी तुझ्यावर ढकललं ते मला वाचवायला, असं सगळे म्हणतील. मला नाही वाटत. दोन मुलांपैकी एकाला मातीत घालायचं होतं, त्यांनी हिशोबाने तुला घातलं आणि त्या हिशोबात मला भागीदार केलं. मी ती सायकल पुन्हा चालवली नाही. टूलरूममध्ये दर वर्षी नवी मुलं येतात, त्यांना पहिल्या दिवशी मी हेच सांगतो की डोक्याखाली हात घालायचा नाही, क्लॅम्पवर विश्वास ठेवायचा नाही. का, ते कधी सांगत नाही.

भंगारात घाल म्हणालो त्यात दोन्ही होतं. तू त्याच डोक्याखाली हात घालतेस ह्याची भीती खरी होती. आणि माझी लबाडीही होती. कुठली किती, ते मला सांगता येत नाही.

ताप खराच होता. उतरलाय. तू सांगशील ते करतो. नवी साखळी पाठवू? येऊ? काय करू ते सांग.

बारक्या


२० जुलै

बारक्या,

तुझं पत्र वाचलं, घडी घातली, पुन्हा उघडलं आणि परत वाचलं. पोहायला! अरे, भूक लागली होती म्हणतास, औषध आणायचं होतं म्हणतास, तरी माझा जीव जरा खाली बसला असता. पोहायला गेला होतास तू.

तुझा आप्पांवर राग आहे तो तुझ्यापाशी ठेव. माझा माझ्यापाशी पुरेसा आहे. शेवटची सात वर्षं ते माझ्याकडे होते. ती लग्न होऊन जाईल म्हणाले होते ना? मी गेले होते, आणि त्याच माझ्या घरात ते म्हातारपणी राहायला आले. सात वर्षं त्यांच्या शर्टाची बटणं मी लावली, कारण दोन बोटांच्या हाताने लागत नाहीत. रोज सकाळी समोर उभे राहायचे, हनुवटी वर करून. मी एकेक बटण लावायचे आणि मनात म्हणायचे, हे माझ्यामुळे. त्यांना ते माझ्या तोंडावर दिसत नसेल? रोज दिसत होतं. तोंडातून शब्द नाही काढला.

जायच्या आधी तुला बोलावून म्हणाले, "मशीन हिला द्या." आठवतं? तू खाली बघत होतास. मला ते घाव घातल्यासारखं लागलं, की बघ, ह्यानेच तू माझा हात घेतलास, आता सांभाळ. आज कळतं की टोपीखाली सगळं तसंच ठेवून त्यांनी ते मला दिलं. एक दिवस मी उघडेन, मला सापडेल. तोंडाने सांगायची छाती नव्हती म्हणून लोखंडाकडून सांगवलं. असलं भित्रं देणं मला नको होतं. पण मशीन हवं होतं. ते मी ठेवतेय.

साखळी पाठवू नकोस. तुझ्याकडून साखळी घ्यायची वेळ अजून आलेली नाही. मी इथेच नवी आणली. वेल्डर ठोकळा धरायला आला होता, बाकी सगळं मी केलं. चाक घासून साफ केलं, आस नवीन कातून घेतली. साखळीच्या जोडीला पोलादी दोरी सोडलीय, जराशी सैल. साखळी तुटलीच तर दोरी झेलेल. आप्पांनी ते केलं नव्हतं, मी केलं. वजन आप्पांचंच ठेवलं, अडतीस. चार किलो डोक्याकडे जास्त हवेत, नाहीतर कटर कामाला लागला की डोकं वर उसळतं. तेवढं आप्पांना बरोबर कळत होतं.

आता क्लॅम्प सोडला तरी डोकं जागचं हलत नाही. बोटाने ढकललं की वर जातं. आधी खाली लाकूड ठेवून पन्नास वेळा क्लॅम्प सोडून बघितला. मग माझा हात ठेवून बघितला. खांदाही आता कमी दुखतो. त्या दिवशी संध्याकाळी मी खोलीतच बसून एवढी रडले की शिलाई मशीनवाला दारातून परत गेला.

तू विचारतोस काय करू. दोन गोष्टी कर. काकांना आणि आत्याला तूच सांग, तुझ्या तोंडाने, क्लॅम्प कोणी सोडला होता आणि साखळी कोणी नेली होती. पत्र नको, माझं नाव पुढे करायचं नाही. त्यांनी पुन्हा कधी झाकण निघाल्यावर माझं नाव घेतलेलं मला चालणार नाही.

आणि इकडे ये. पाया पडायला, रडायला येऊ नकोस, मला तुझं रडं बघायचं नाही. मशीनपाशी ये. मी डोकं वर नेऊन ठेवेन. आप्पांनी ठेवला होता तसा तू डावा हात खाली टेबलावर ठेवायचास, बोटं पसरून. क्लॅम्प मी सोडेन. भीती वाटली तर वाटू दे, सोळा वर्षांचा तू होतास तर अठराची मीही होते. पण हात काढायचा नाही. ताईने लावलंय ते, बघू या सैल आहे का.

आशीर्वादाचं त्यानंतर बघू.

ताई


२४ जुलै

ती. ताईस नमस्कार.

काकांना काल सांगितलं. ते ओरडले, मग म्हणाले की आता एवढ्या वर्षांनी कशाला. मी म्हटलं, एवढी वर्षं झाली म्हणूनच. आत्याला फोनवर सांगितलं, तिने सगळं पुन्हा एकदा सांगायला लावलं. शेवटी म्हणाली, "तिला मी काय काय बोलले रे."

रविवारी सकाळच्या गाडीने येतोय. एकटा.

अंगठी वीस वर्षांत काढली नव्हती, बोटात रुतून बसली होती. काल साबण लावून काढली.

बारक्या